पहिली नाईट पोस्टिंग: विद्यार्थ्यांना झोप, खाणं, पाय-पाठ आणि हात याबद्दल नेमकं काय सांगावं?

क्लिनिकल_ट्यूटर (प्रश्न)

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची बॅच पुढच्या महिन्यात पहिल्यांदा नाईटला जाणार आहे. सलग ६ रात्री, रात्री ८ ते सकाळी ८, मग एक दिवस सुट्टी आणि लगेच मॉर्निंग ड्युटी. त्याआधी त्यांच्यासाठी एक तासाचं सत्र घ्यायचं आहे.

"पुरेशी झोप घ्या, संतुलित आहार घ्या, व्यायाम करा" हे या मुलामुलींना तोंडपाठ आहे. पेशंटला आरोग्यशिक्षण देताना ते अचूक सांगतात, आणि स्वतः मात्र उपाशीपोटी ऑपरेशन थिएटरला उभे राहतात, पहाटे चौथा चहा घेतात, हातांना भेगा पडल्या तरी तशीच ड्युटी करतात. माहिती कमी पडते असं मला वाटत नाही. बारा तासांच्या ड्युटीत ती कुठे बसवायची, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे मला उपदेश नकोत, घड्याळ धरून सांगता येईल असं हवं आहे. पहिल्या रात्रीच्या आधी कधी झोपायचं? चहा-कॉफी कधी थांबवायची? रात्री किती आणि काय खायचं? उभं राहून पाय आणि पाठ दुखते त्याचं काय करायचं? सहा रात्रींनंतर परत दिवसावर कसं यायचं?

शक्य असेल तर "असं का" हेही लिहा. कारण कळलं की मुलं ऐकतात.

नाईट_सुपरवायझर

मॅडम, सत्रातला अर्धा वेळ झोपेलाच द्या. बाकीच्या सवयी झोप बिघडली की आपोआप बिघडतात.

कारण सांगायचं तर झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो. एक, जागं राहिलेल्या तासांबरोबर वाढत जाणारा झोपेचा दाब. दुसरं, शरीराचं घड्याळ. पहाटे ३ ते ५ दरम्यान दाब खूप वाढलेला असतो आणि घड्याळही "झोप" म्हणत असतं. शरीराचं तापमान तेव्हाच सर्वांत खाली जातं, म्हणून स्वेटर घालूनही थंडी वाजते. ही वेळ इच्छाशक्तीने पार पडत नाही, तिची तयारी आदल्या दुपारी करावी लागते.

पहिली रात्र सर्वांत धोक्याची, कारण सकाळी ७ला उठलेली मुलगी तशीच ड्युटीवर आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ८ला ती २५ तास जागी असते. १९९७ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते आणि २४ तासांनी ती साधारण ०.१० टक्क्यांइतकी होते, असं त्यात दिसलं. हा एक आकडा फळ्यावर लिहा.

उपाय साधा आहे. पहिल्या रात्रीच्या दिवशी सकाळी गजर न लावता उठायचं आणि दुपारी दीड ते साडेचारच्या मध्ये ९० मिनिटं झोपायचं. "संध्याकाळी सहानंतर झोपेन" हा बेत बहुतेकदा फसतो. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर उलट सर्वांत जागं असतं, मग मुलं अंथरुणात तळमळतात आणि चिडून उठतात. डुलकीची जागा दुपारचीच.

ड्युटीनंतरचं वेळापत्रक असं ठेवा: ८ वाजता हँडओव्हर, साडेआठला थोडंसं खाणं, कोमट पाण्याने अंघोळ, साडेनऊला अंथरुणात. "आज लायब्ररीचं काम उरकून मग झोपते" म्हणणारी अकरानंतर झोपायला जाते. तोवर शरीराचं घड्याळ दिवसाकडे सरकलेलं असतं आणि झोप तीन-चार तासांत मोडते. साडेनऊ ते अडीच ही मुख्य झोप धरा. ही पाच तासांची वेळ सहाही दिवस हलवू नये. मग संध्याकाळी ५ ते साडेसहा दुसरी छोटी झोप. पहिल्या दिवशी ती जमणार नाही, तिसऱ्या दिवसापासून साठलेल्या थकव्यामुळे जमते.

खोलीत अंधार हवा. जाड पडदा नसेल तर डोळ्यांवर पट्टी आणि कानात बोळे. फोन सायलेंट, फक्त घरचा एक नंबर चालू. परत येताना गडद चष्मा घातला तर सकाळचं ऊन घड्याळ कमी ढकलतं. पण स्वतः गाडी चालवून जाणाऱ्याने तो चष्मा घालू नये, पेंग वाढते. खरं तर नाईटनंतर कोणत्याच विद्यार्थ्याने स्वतः गाडी चालवू नये.

ड्युटीत डुलकीची परवानगी असेल तर ती १ ते ३ च्या मध्ये घ्यावी. एक तर २० मिनिटं, नाहीतर पूर्ण ९०. मधल्या वेळेला उठवलं तर गाढ झोपेतून उठल्यासारखं होतं आणि डोकं चालायला अर्धा तास लागतो.

मेल_वॉर्ड_इनचार्ज

सुपरवायझर सिस्टरांचं बाकी सगळं मान्य, पण विद्यार्थ्यांसाठी ९० मिनिटांचा पर्याय मी काढून टाकेन. वॉर्डमध्ये सलग ९० मिनिटं कोणालाच मिळत नाहीत. पन्नासाव्या मिनिटाला इमर्जन्सी येते आणि नेमकं गाढ झोपेतून उठावं लागतं. विद्यार्थ्यांनी २० मिनिटंच घ्यावीत, तीही स्टाफ सिस्टरांना विचारून. आपले पेशंट जोडीदाराला तोंडी सोपवून जावं, कोणाची ड्रिप किती उरली, कोणाचं ब्लड चालू आहे, सगळं. उठल्यावर तोंड धुवायचं, दोन फेऱ्या मारायच्या आणि पुढची १५ मिनिटं कुठलंही औषध भरायचं नाही.

मला यात पेशंटची बाजूही घालायची आहे, कारण थकव्याचा हिशेब शेवटी तिथेच लागतो. सकाळी ६च्या औषधांचे डोस आणि ड्रिपचे थेंब यांचं गणित रात्री १२च्या आत करून कागदावर ठेवायला सांगा, तेव्हा डोकं ताजं असतं. औषध मात्र आधी भरून ठेवायचं नाही. ते वेळेवरच भरायचं आणि तेव्हा गणित पुन्हा तपासायचं. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम असेल तर लेबल मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. ३ ते ५ मध्ये एकट्याने, मनातल्या मनात वाचलेलं लेबल चुकीचं वाचलं जातं. डोळा अपेक्षित शब्द पाहतो आणि पुढे जातो.

पेंग येत असेल तेव्हा बसून जर्नल लिहायला घेऊ नये. लिखाण ११ ते १ मध्ये उरकावं. ३ ते ५ साठी हालचालीची कामं ठेवावीत: टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), पोझिशन बदलणं, इनटेक-आउटपुटची बेरीज, ट्रॉली भरणं.

आहार_सल्लागार

चहा-कॉफीपासून सुरुवात करते, कारण सकाळची झोप न लागण्याचं कारण बऱ्याचदा पहाटेच्या कपात असतं.

कॅफिन अर्धं व्हायला सरासरी ५ तास लागतात. पहाटे ४ला १०० मिलिग्रॅम घेतलं तर सकाळी ९ला, म्हणजे नेमकं झोपायला जाताना, ५० मिलिग्रॅम शरीरात असतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हा काळ जवळपास दुप्पट होतो, त्यांच्यात दुपारी २लाही तेवढंच उरलेलं असतं. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये उलट, कॅफिन लवकर संपतं. म्हणून सिगारेट सोडली की नेहमीचीच कॉफी अचानक जड जाते, हात थरथरतात, झोप उडते, आणि दोष सिगारेट सोडण्याला दिला जातो. सोडणाऱ्याला आधीच सांगा की त्याच आठवड्यात कॉफी निम्मी कर. जागं राहण्यासाठी सिगारेट ओढणारे कोणी असतील तर त्यांना हेही कळू द्या की निकोटिनही उत्तेजकच आहे, झोपायला जाण्याआधीची सिगारेट झोप तोडते.

निरोगी प्रौढासाठी दिवसभरात ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० ही वरची मर्यादा मानतात. कपभर कॉफीत साधारण ८० ते १००, चहात ३० ते ५०, एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात ८० च्या आसपास कॅफिन असतं. गर्भवती असल्यास दिवसाची मर्यादा २०० वर येते. एकदम मोठा मग घेण्यापेक्षा अर्धा-अर्धा कप ९, १२ आणि अडीचला घ्या. अडीचचा शेवटचा. साडेनऊला झोपायचं तर सात तास आधी थांबलेलं बरं. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनेही झोप तासाभराहून अधिक घटल्याचं दिसलेलं आहे.

अडीचच्या कपाचा चांगला उपयोग २० मिनिटांच्या डुलकीबरोबर होतो. आधी कप प्यायचा आणि लगेच आडवं व्हायचं. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर डुलकी पूर्ण होते.

आता खाणं. रात्री शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी असते. तेच जेवण मध्यरात्रीनंतर घेतलं तर रक्तातली साखर जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. शिवाय पोट जड झालं की पेंग येते आणि छातीत जळजळ होते. म्हणून मुख्य जेवण ड्युटीआधी, साडेसहा-सातला पोटभर. १२ ते १ मध्ये छोटं खाणं, त्यात प्रथिनं हवीत: दोन अंडी म्हणजे १२-१३ ग्रॅम, किंवा मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे ७ ग्रॅम, आणि त्याबरोबर २०० मिलिलिटर दूध किंवा दही म्हणजे ६-७ ग्रॅम. सोबत एक फळ. १ ते ५ मध्ये मोठं जेवण नको. बिस्किटं आणि गोड पेयं यांची तरतरी टिकत नाही, तासाभरात पुन्हा भूक लागते. सकाळी झोपण्याआधी थोडं खाऊनच झोपायचं, नाहीतर बाराला भुकेने जाग येते आणि मुख्य झोप मोडते.

डबा नर्सिंग स्टेशनवर उघडायचा नाही. हात साबणाने धुऊन, वॉर्डबाहेर, बसून खायचं. यात शिष्टाचारापेक्षा संसर्गाचा प्रश्न मोठा आहे.

पाणी: दर दोन तासांनी एक पेला, साधारण २०० ते २५० मिलिलिटर. "आठवण ठेवीन" म्हटलं की राहून जातं, म्हणून ते कामाला बांधा. १०चा राउंड झाला की पाणी, १२चं औषध झालं की पाणी. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं आहे, गडद असेल तर कमी पडतंय. बाथरूमला जायला नको म्हणून पाणी टाळणं आणि लघवी दाबून ठेवणं ही सवय विद्यार्थिनींमध्ये खूप आहे, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला ती निमंत्रण देते. यावर सत्रात उघडपणे बोला. तीन-चार तासांतून एकदा जाणं हा हक्क आहे, त्यासाठी परवानगी मागताना संकोच वाटू नये असं वातावरण वॉर्डमध्ये हवं.

थकवा सुट्टीनंतरही हटत नसेल तर हिमोग्लोबिन तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने गर्भवती नसलेल्या स्त्रीमध्ये १२ आणि पुरुषात १३ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, तो फेरिटिन या रक्ततपासणीत कळतो. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली की वनस्पतिजन्य लोहाचं शोषण बरंच घटतं. मध्ये एक तास ठेवा. लिंबू, पेरू, संत्रं जेवणाबरोबर घेतलं तर शोषण वाढतं.

थिएटर_सिस्टर

मॅडमनी थिएटरचा उल्लेख केला म्हणून एवढंच. भोवळ येते ती बहुतेक वेळा रक्त पाहून येत नाही. उपाशी पोट, कमी पाणी, गरम गाऊन आणि गुडघे ताठ करून एका जागी उभं राहणं यांनी येते. पायांत रक्त साठतं, मेंदूला कमी पडतं. जाण्याआधी खाणं आणि अर्धा तास आधी ३०० ते ५०० मिलिलिटर पाणी. उभं असताना गुडघे किंचित सैल ठेवायचे आणि पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या, बुटाच्या आत बोटं हलवायची.

डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुणगुण, घाम, मळमळ यांपैकी काही जाणवलं की मोठ्याने सांगायचं, स्टेराइल क्षेत्रापासून मागे सरकायचं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसायचं. दाराकडे चालत जायचं नाही. चालताना पडलं तर डोकं ट्रॉलीवर किंवा फरशीवर आपटतं, आणि दुखापत भोवळीपेक्षा त्यानेच होते. लाज वाटून थांबणारी मुलं शेवटच्या क्षणी पळतात, म्हणून हे आधीच बजावून ठेवा.

फिजिओ_ऑर्थो

पायांपासून सांगतो. बूट पुढून बंद, तळ न घसरणारा, टाच २-३ सेंटिमीटर, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय दिवसभराच्या सुजेसकट असतात. सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री चावतो. अगदी सपाट आणि पातळ तळाच्या बुटांनी टाचेच्या खालचा पडदा ताणला जातो. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते ती त्याचीच.

पाय जड होत असतील तर १५ ते २० मिलिमीटर मर्क्युरी दाबाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे वापरावेत, ड्युटीला निघण्याआधी पाय दहा मिनिटं वर ठेवून मग चढवायचे. सूज आल्यावर घातले तर फायदा कमी. वरची कड दुमडायची नाही, दुमडलेली कड पोटरीला दोरीसारखी आवळते. पायातला रक्तपुरवठा कमी असेल किंवा संवेदना कमी असेल तर विचारल्याशिवाय वापरू नयेत.

पाठीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण इथे शिकवण्यातच चूक आहे. "गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, मग उचला" एवढं सांगून पाठ वाचत नाही. नुसत्या बॉडी मेकॅनिक्सच्या, म्हणजे शरीर कसं वाकवायचं-वापरायचं याच्या, प्रशिक्षणाने दुखापती कमी होत नाहीत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, कारण वजनच झेपण्यापलीकडचं असतं. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेच्या सूत्रावरून पेशंट हाताने उचलण्यासाठी ३५ पाउंड, म्हणजे सुमारे १६ किलोची मर्यादा काढली गेली, तीही पेशंट सहकार्य करणारा आणि उचलणाऱ्याच्या अगदी जवळ असेल तर. आता हिशेब करा. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के असतो. ६० किलोच्या पेशंटचा एक पाय साडेनऊ किलोचा झाला. अख्ख्या पेशंटला दोघींनी मिळून उचललं तर प्रत्येकीच्या वाट्याला ३० किलो येतात, म्हणजे तंत्र कितीही बरोबर असलं तरी ते मर्यादेबाहेरच आहे.

त्यामुळे विद्यार्थ्यांना उचलायला शिकवण्याऐवजी सरकवायला शिकवा. स्लाइड शीट (पेशंटखाली घालायची निसरडी चादर) वापरा. ती नसेल तर ड्रॉशीटखाली (पेशंटच्या कमरेखालच्या आडव्या चादरीखाली) गुळगुळीत प्लास्टिक घालून घर्षण कमी करता येतं, काम झालं की ते लगेच काढायचं, नाहीतर त्वचेखाली ओल साठते. आधी खाटेचे ब्रेक, मग उंची. स्पंजिंग, ड्रेसिंगसाठी गादी आपल्या कमरेच्या पातळीला. पेशंट वर सरकवताना त्याहून थोडी खाली, नितंबाच्या पातळीला. दोघींच्या उंचीत फरक असेल तर बुटकीच्या मापाने. पेशंटलाही गुडघे दुमडून टाच रोवायला सांगा, निम्मं काम तोच करतो. कमरेतून वळायचं नाही, पाऊल वळवायचं.

पडणाऱ्या पेशंटला पकडून उभं धरायचा प्रयत्न करू नये. आपला एक पाय पुढे करून त्याला मांडीवरून हळूहळू जमिनीवर उतरू द्यायचं, लक्ष डोक्याकडे. नव्या मुलींच्या पाठीच्या बऱ्याच दुखापती याच एका क्षणात होतात.

व्यायामासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आणि दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची आहे. "वॉर्डमध्ये दिवसभर चालतोच की" हे पुरेसं नाही. ते चालणं तुटक असतं, त्याने दम वाढत नाही आणि पाठीचे स्नायू मजबूत होत नाहीत. नाईटच्या आठवड्यात ड्युटीआधी २० मिनिटं झपझप चालणं आणि एक दिवसाआड पंधरा मिनिटं हे: चवड्यांवर उभं राहणं १५ वेळा, ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं) १२ वेळा, प्लँक (कोपर आणि चवड्यांवर शरीर सरळ धरणं) २० ते ३० सेकंद, हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात-पाय लांब करणं दोन्ही बाजूंनी ८ वेळा. सगळ्याचे दोन सेट. ड्युटीहून आल्यावर जोराचा व्यायाम नको, पाय भिंतीला वर टेकवून दहा मिनिटं पडणं पुरे.

संसर्ग_नियंत्रण

हातांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. हातांना भेगा पडणं हा कामाचा भाग आहे असं मानलं जातं, ते चुकीचं आहे. बहुतेक वेळा चार चुका असतात: गरम पाणी, साबणानंतर लगेच हँड रब (हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण), ओल्या हातांवर ग्लोव्ह्ज आणि क्रीम अजिबात नाही.

हात दिसायला स्वच्छ असतील तर हँड रब २० ते ३० सेकंद. माखलेले असतील, किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबाचा पेशंट असेल तर साबण-पाणी, पूर्ण प्रक्रिया ४० ते ६० सेकंद, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. दोन्ही एकापाठोपाठ करायचं नाही. हँड रबने हात चुरचुरतात म्हणून मुलं साबणाकडे वळतात, पण चुरचुर ही त्वचा आधीच फाटल्याची खूण असते. साबण त्वचेवरचा तेलाचा थर जास्त काढतो, रब कमी. ग्लोव्ह्ज घालण्याआधी हात पूर्ण कोरडे हवेत. बिनवासाचं क्रीम ड्युटीच्या आधी, जेवणाच्या वेळी आणि झोपताना. पेट्रोलियम जेलीसारखं तेलकट काही लॅटेक्स ग्लोव्ह्जच्या आत नको, लॅटेक्स कमजोर होतं. ते रात्री घरी लावा. नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी, कृत्रिम नखं नाहीत.

दुसरं, हिपॅटायटिस बी. लस ०, १ आणि ६ महिन्यांना, म्हणजे पहिल्या वर्षी प्रवेश घेतल्या घेतल्या सुरू केली तरच क्लिनिकलच्या आधी पूर्ण होते. तीन डोस झाले की काम झालं असं समजतात आणि टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, राहून जाते. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस (हिपॅटायटिस बीविरोधी प्रतिपिंडं) तपासायचं, १० मिली-आययू प्रति मिलिलिटर किंवा अधिक हवं. कमी आलं तर दुसरी मालिका द्यायची आणि पुन्हा तपासायचं. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित सुई टोचल्यास हिपॅटायटिस बीची शक्यता ६ ते ३० टक्के, एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. मुलं घाबरतात एचआयव्हीला आणि दुर्लक्ष करतात हिपॅटायटिसकडे.

सुई टोचलीच तर: दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, लगेच इनचार्जना सांगायचं, नोंद करायची. एचआयव्हीविरोधी औषधं सुरू करायची ठरली तर शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, आणि २८ दिवस पूर्ण. "सकाळी सांगते" म्हणून रात्र घालवू नये. रात्री कोणाला आणि कुठल्या नंबरवर सांगायचं हे पोस्टिंगच्या आधी प्रत्येकाच्या खिशात कागदावर असावं. टोपण परत लावायचं नाही, आणि शार्प्सचा (वापरलेल्या सुया-पात्यांचा) डबा तीन-चतुर्थांश भरला की बदलायचा. पहाटे भरलेल्या डब्यात सुई कोंबणारा थकलेला हात हमखास टोचून घेतो.

क्लिनिकल_ट्यूटर

सर्वांचे मनापासून आभार. दोन प्रश्न राहिले. परत दिवसावर कसं यायचं? आणि सत्राचा उपयोग झाला का हे मोजायला पोस्टिंगच्या आधी आणि नंतर पीएसक्यूआय (झोपेचा दर्जा मोजणारी प्रश्नावली) भरून घेऊ का?

कम्युनिटी_हेल्थ_शिक्षक

पीएसक्यूआय इथे चालणार नाही, मॅडम. त्यात १९ प्रश्न, ७ घटक, ० ते २१ गुण, आणि ५ च्या वर म्हणजे झोप खराब. पण ते गेल्या एका महिन्याबद्दल विचारतं. सहा रात्रींनंतर लगेच भरून घेतलं तर आधीचे तीन आठवडे त्यात मिसळतात आणि फरक बुजून जातो. त्याऐवजी दोन आठवड्यांची झोपेची डायरी द्या, आधीचा एक आठवडा आणि नाईटचा एक. रोज उठल्यावर दोन मिनिटांत सहा रकाने: कधी आडवं झालं, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलं, शेवटची चहा-कॉफी किती वाजता, डुलकी किती मिनिटं. उशिरा आठवून भरलेली डायरी निरुपयोगी असते.

नाव लिहायला लावू नका, कोड नंबर द्या. तुम्ही त्यांना इंटर्नल मार्क देता, नाव असेल तर मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितील. विद्यार्थ्यांच्या जीवनशैलीवरच्या प्रश्नावल्यांमध्ये उत्तरं फसवी येतात ती याच कारणाने.

आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नाईटच्या आठवड्यात सकाळी १०चं लेक्चर ठेवलं तर वर लिहिलेलं काहीच शक्य नाही. साडेनऊ ते अडीच ही झोप वेळापत्रकानेच खाल्लेली असते. लेक्चर घ्यायचंच असेल तर दुपारी ३ नंतर एक तास, हजेरीची सक्ती न करता. होस्टेलमध्ये नाईटच्या मुलींना एकाच खोलीत ठेवायला वॉर्डनना सांगा. या दोन गोष्टी मुलांच्या हातात नाहीत, तुमच्या आहेत.

क्लिनिकल_ट्यूटर

राग कशाचा सर, बरोबर आहे. त्या आठवड्याची १०ची दोन लेक्चर्स हलवण्याबद्दल आजच प्राचार्यांशी बोलते. खोल्यांचंही बघते.

नाईट_सुपरवायझर

मग परत दिवसावर येण्याचं सोपं होईल. शेवटच्या रात्रीनंतरच्या सकाळी पूर्ण झोप काढायची नाही. ९ला झोपून साडेबाराला गजर लावून उठायचं. वाईट वाटेल, पण उठायचंच. दुपारी बाहेर उजेडात अर्धा-पाऊण तास चालायचं, जेवण दिवसाच्या वेळेला घ्यायचं, दुपारनंतर कॅफिन नाही, संध्याकाळी डुलकी नाही, रात्री साडेनऊ-दहाला अंथरुणात. सुट्टीच्या दिवशी मॉर्निंग ड्युटीच्याच वेळेला उठायचं. सहाव्या रात्रीनंतर संध्याकाळपर्यंत झोपणारी मुलं रात्री दोनपर्यंत जागी राहतात आणि मॉर्निंगला चार तासांच्या झोपेवर येतात.

झोपेच्या गोळ्या किंवा झोप आणणारी सर्दीची औषधं स्वतःच्या मनाने कोणी घेऊ नयेत, वॉर्डच्या कपाटातून तर मुळीच नाही. त्यांची गुंगी पुढच्या ड्युटीपर्यंत टिकते. आणि पोस्टिंग संपून दोन आठवडे झाले तरी झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर ते रात्रपाळीच्या थकव्यावर ढकलू नका, डॉक्टरांकडे पाठवा. जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोललं तर त्याच दिवशी, आणि तिला एकटं सोडू नका.